नाण्याएवढा पहारा

"काका, कॉम्प्युटर परत दोन हजार नऊमध्ये गेला."

वैजापुरातल्या आमच्या अभ्यासिकेत गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडायचं. रात्री वीज गेलेली असायची. सकाळी सगळ्यात आधी येणारी नववीतली मुलगी बटण दाबायची, पंखा घरघरायचा, काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटायच्या आणि मशीन तिथंच थबकायचं. पुढे जायचं नाही, बंदही व्हायचं नाही. त्या मुलीनं एक दिवस त्या ओळी वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेतल्या आणि मला दाखवल्या. एका ओळीचा अर्थ असा होता : ही डिस्क शेवटची जोडली गेली ती वेळ भविष्यातली आहे.

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याच्या घड्याळात २००९ साल होतं आणि डिस्कवर नोंद होती २०२५ ची. आपण सोळा वर्षांनंतर वापरलेली डिस्क आज हाती कशी आली, असा प्रश्न त्याला पडला होता. उत्तर मिळेपर्यंत दार उघडायचं नाही, एवढी सावधगिरी त्यानं बाळगली होती.

हा कॉम्प्युटर पुण्याच्या एका कार्यालयातून वापरून झाल्यावर आमच्याकडे आला. त्याचं वय झालेलं. त्यावरच्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालेलं, आणि पुढची विंडोज ११ घ्यायची तर त्याची ताकद पुरत नव्हती. म्हणून आम्ही त्यावर उबुंटू लिनक्स घातलं आणि जुनं विंडोजही एका कोपऱ्यात राहू दिलं. पुढे हा आजार सुरू झाला तेव्हा एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "मदरबोर्ड गेला. भंगारात घाला." मदरबोर्ड गेला नव्हता. त्यावरचा एक नाण्याएवढा सेल संपला होता, दोन-तीन कप चहाच्या किमतीचा. तेवढ्यासाठी चालतं मशीन भंगारात जाणार होतं. तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर बहुतेक असेच येतात, कुणाच्या तरी हातून उतरून. ते टिकतील की फेकले जातील हे पुष्कळदा इतक्याशा माहितीवर ठरतं. ती माहिती कुणाच्या मालकीची नाही, ती प्रत्येक मुलाच्या हाती असायला हवी. एवढंच सांगण्यासाठी हा लेख आहे.

दोन घड्याळं

कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एक मदरबोर्डवरचं, वीज नसतानाही सेलवर चालणारं. त्याला हार्डवेअर घड्याळ म्हणतात. दुसरं लिनक्स चालू असेपर्यंत स्मृतीत चालणारं, ते सिस्टिम घड्याळ. मशीन सुरू होताना लिनक्स पहिल्याकडे एकदा पाहतं, वेळ उचलतं आणि तिथून पुढे स्वतः मोजत जातं. मशीन बंद झालं की दुसरं घड्याळ नाहीसं होतं. पहिलं एकटं जागं राहतं.

आमच्या भागात हे समजवायला सोपं आहे. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह दर वर्षी वेगळ्या गावी बसतो. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. मंडपातले लोक जेवायला जातात, झोपायला जातात, पण पहाऱ्यावरचा माणूस वीणा गळ्यात घालून उभा असतो, आणि त्याचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मुलांना मी म्हटलं, "लिनक्स उठतं तेव्हा पहाऱ्यावरच्या घड्याळाकडून वीणा घेतं. आपल्या मशीनचा पहारेकरी चक्कर येऊन पडलाय, म्हणून वीणा जमिनीवर आहे." पोरांना ते लगेच कळलं. त्यातली निम्मी स्वतः पहाऱ्याला उभी राहिलेली होती.

हा पहारेकरी वेळ मोजतो तो क्वार्ट्‌झच्या इवल्याशा स्फटिकावर. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण तो १५ वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो. म्हणून साध्या मंडलातून अचूक एक सेकंद काढता येतो. उन्हाळ्याच्या तापात आणि थंडीत या थरथरीत किंचित फरक पडतो. दिवसाला दोन सेकंद चुकले तरी वर्षाला १२ मिनिटं होतात. म्हणजे सेल धडधाकट असला तरी पहारेकऱ्याला अधूनमधून खरी वेळ विचारावीच लागते.

पेटी उघडली

रविवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही पेटी उघडली. आधी वायर भिंतीतून काढली, मग बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. धातूच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीजही उतरवली. झाकण निघालं तशी वैजापूरची लाल-करडी धूळ वाफेसारखी उठली. ती आम्ही रंगाच्या जुन्या ब्रशनं हलकेच झाडली.

सेल एका काळ्या गोल वाटीत होता. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, आणि हेच आकडे त्याच्या नावात आहेत : सीआर २०३२. मुलांनी मल्टिमीटरची टोकं लावली. जो ३ व्होल्टच्या आसपास असायला हवा तो २ व्होल्टच्याही खाली होता. वाटीची छोटी कडी नखानं बाजूला सारली तसा सेल टुणकन वर आला. नवीन बसवताना अधिकचं चिन्ह वर राहील एवढंच पाहायचं असतं. सगळं काम दहा मिनिटांचं.

सेल बदलला तरी घड्याळ आपोआप खरं होत नाही. त्याला सांगावं लागतं. मशीन सुरू करताना एक विशिष्ट कळ, कुठे डिलीट तर कुठे एफ २, टकटक दाबत राहिलं की लिनक्सच्याही आधीचं एक निळसर पान उघडतं. मशीन जन्मताना घातलेल्या सूचना तिथे असतात : तारीख काय, वेळ काय, आधी कोणत्या डिस्ककडे पाहायचं, वीज गेली आणि परत आली तर स्वतःहून सुरू व्हायचं की नाही. हा शेवटचा पर्याय आम्ही मुद्दाम बंद केला. आमच्याकडे वीज येते तेव्हा एकदम स्थिर येत नाही, दोन-तीनदा डोळे मिचकावते, आणि प्रत्येक वेळी उठू पाहणाऱ्या मशीनला तो धक्का बसतो.

वेळेच्या रकान्यात काय भरायचं? भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे दहा वाजले होते. नववीतली मुलगी १० लिहायला लागली, आणि मी तिला थांबवलं. या एका आकड्यात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडला आहे.

वैजापूरचा सूर्य आणि मद्रासची वेळ

भारतीय प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२.५ अंशावरची आहे. वैजापूर साधारण ७४.७ अंशावर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य मध्यान्हीला येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबाराच्याही पुढे काटा गेलेला असतो. फरक सुमारे ३१ मिनिटांचा. शेतातली बाई सावली पाहून जी दुपार ओळखते ती खरी असते. घड्याळातले बारा हा आपण एकमेकांशी केलेला करार असतो.

हा करार एका दिवसात झाला नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून गोदावरीच्या खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे मनमाडला येऊन मिळाली. आपल्या रोटेगाव स्टेशनावरून आज ब्रॉडगेजच्या गाड्या धावतात त्या याच वाटेनं. त्या काळी हिंदुस्थानातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालत. मद्रास वैजापूरच्या बरंच पूर्वेला, म्हणून तिथली वेळ आपल्या सूर्याच्या २२ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ देशाला लागू झाली. मुंबईत मात्र तिला मोठा विरोध झाला. लोकांनी आणि नगरपालिकेनं जुनी मुंबई वेळ सोडायला नकार दिला. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि शहरात ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून राहिली.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनं घड्याळं आणखी एक तास पुढे ढकलली, म्हणजे फरक साडेसहा तासांचा. काही काळ ती वाढ मागे घेतली, मग सप्टेंबर १९४२ पासून पुन्हा लावली आणि ऑक्टोबर १९४५ ला कायमची सोडली.

हे सारं मी मुलांना पुस्तकातून दाखवलं नाही. लिनक्समध्येच दाखवलं. जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनमध्ये जगभरातल्या वेळांच्या छोट्या फायली असतात. हे संकलन अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवलं. आपली फाइल एशिया या कप्प्यात कोलकाता या नावानं आहे. लिनक्सला विचारा, १९४३ सालच्या जूनमध्ये भारताची वेळ ग्रीनविचच्या किती पुढे होती? ते साडेपाच सांगत नाही, साडेसहा सांगतं. १८९५ चं विचारा, तर ५ तास २१ मिनिटं १० सेकंद असं उत्तर येतं. ही ती मद्रासची वेळ. आठवीतला एक मुलगा पडद्याकडे पाहत म्हणाला, "म्हणजे ह्याला आपल्या पणजोबांच्या टायमाची गाडीपण माहितीये!" खरंच माहीत आहे. एक किलोबाइटही नसलेल्या एका फाइलीत.

साडेपाच तासांची गफलत

आता त्या रकान्याकडे वळू. हार्डवेअर घड्याळात कोणती वेळ ठेवायची यावर दोन मतं आहेत. विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्सची रीत वेगळी. पेटीच्या आत जगाची एकच वेळ, यूटीसी, आणि दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे. आत एक सत्य, बाहेर ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे दर्शन. मला ही रीत पटते. आपलं पंचांगही काही वेगळं करत नाही. ग्रहांचं गणित एकदाच करायचं आणि सूर्योदय गावागावाप्रमाणे बदलून घ्यायचा.

गडबड होते ती दोन्ही प्रणाल्या एकाच पेटीत राहतात तेव्हा. विंडोजनं सकाळी दहाला घड्याळात १० लिहून ठेवले. मग लिनक्स उठलं. ते १० ही यूटीसी समजलं आणि त्यात साडेपाच मिळवून दुपारचे साडेतीन दाखवू लागलं. उलट बाजूनं लिनक्सनं ४.३० लिहिले की विंडोजला सकाळी दहाला पहाट दिसते. आमच्या अभ्यासिकेच्या हजेरीपत्रकात काही मुलं पहाटे साडेचारला आल्याच्या नोंदी सापडल्या त्या यामुळे. ज्या मुलांवर "खोटी वेळ टाकली" असा आळ आला होता ती बिचारी दहाला वेळेवर आलेली होती. तो आळ आम्ही सगळ्यांसमोर मागे घेतला.

लिनक्स घडवणाऱ्यांनाही हा घोळ चांगला ठाऊक आहे. डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामला भविष्यातली तारीख दिसली आणि फरक एका दिवसापेक्षा कमी असला, तर तो स्वतःच म्हणतो की बहुधा हार्डवेअर घड्याळ चुकीचं लावलं असावं, आणि दुरुस्ती करून पुढे जातो. फरक सोळा वर्षांचा असला तर मात्र थांबतो आणि माणसाला बोलावतो. सोळा वर्षांवर त्यानं परस्पर पांघरूण घातलं असतं तर आम्हाला सेल संपल्याचं कळलंच नसतं.

उपाय सोपा आहे. निळ्या पानावर आम्ही १० ऐवजी ४.३० भरले. लिनक्समध्ये टाइमडेट-सीटीएल हा आदेश दिला. तो सात-आठ ओळींत सगळा हिशेब मांडतो : स्थानिक वेळ, यूटीसी, हार्डवेअर घड्याळातली वेळ, वेळेचा विभाग, घड्याळ बाहेरच्या वेळेशी जुळलं आहे की नाही, आणि सगळ्यात खाली, हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर आहे का? तिथे "नाही" आलं पाहिजे. विंडोजलाही त्याच्या नोंदवहीत एक ओळ घालून यूटीसी वाचायला शिकवता येतं. तेही केलं. तेव्हापासून दोघं एका घरात भांडणाशिवाय राहतात.

घड्याळ चुकलं तर बिघडतं काय, असं कुणी विचारेल. सुरक्षित संकेतस्थळांकडे मुदतीची प्रमाणपत्रं असतात. मशीनमध्ये २००९ साल असेल तर आजचं प्रमाणपत्र "अजून सुरूच झालेलं नाही" असं ठरतं आणि पान उघडत नाही. आधार पडताळणीच्या विनंतीवर वेळेचा शिक्का असतो. तो फार जुना किंवा पुढचा निघाला तर विनंती परत येते. शेतकरी अंगठा टेकवून टेकवून थकतो आणि दोष त्याच्या घासलेल्या बोटांना दिला जातो. दर वेळी कारण घड्याळाचंच असेल असं नाही, पण बोटाआधी घड्याळ पाहायला अर्धं मिनिट लागतं.

रोटेगावला सायकलवर

सेल बदलल्यावर पहारेकरी उठला, पण त्याला खरी वेळ विचारायची कुणाला? लिनक्स ती इंटरनेटवरून विचारतं. त्या रीतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली आणि १९८५ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. जन्मापासून त्यांना काचबिंदू होता आणि उत्तरायुष्यात दृष्टी पूर्ण गेली, तरी ते हे काम करत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. आज आपल्या खिशातल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत घड्याळं जुळतात त्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

अडचण अशी की उत्तर वाटेत असतानाही वेळ पुढे सरकते. मग खरी वेळ कळावी कशी? मुलांना मी असं सांगितलं. समजा, रोटेगाव स्टेशनातलं घड्याळ खरं आहे. तू वैजापुरातून सायकलवर निघालास तेव्हा तुझ्या घड्याळात ९.०० वाजले होते. स्टेशनात पोचताच तू तिथली वेळ लिहून घेतलीस, ९.२५. लगेच उलटा फिरलास. घरी आलास तेव्हा तुझ्या घड्याळात ९.३०. जाणं-येणं मिळून ३० मिनिटं, म्हणजे एका बाजूला १५. तुझ्या घड्याळानं पोचताना ९.१५ दाखवायला हवे होते, स्टेशनात होते ९.२५. म्हणून तुझं घड्याळ १० मिनिटं मागे आहे. एनटीपी हेच करतं, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागांत, आणि एका नव्हे तर अनेक स्टेशनांना विचारून. जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर असेल तर हिशेब किंचित चुकतो. नेटवरही तसंच होतं.

फरक थोडा असला तर लिनक्स काटा एकदम सरकवत नाही. घड्याळाची चाल जराशी वाढवून किंवा कमी करून हळूहळू जुळवतं, म्हणजे कुठल्या नोंदीचा क्रम उलटा होत नाही. आणि घड्याळ जुळलेलं असेल तर साधारण दर ११ मिनिटांनी ती खरी वेळ हार्डवेअर घड्याळातही उतरवून ठेवतं. वीणा अशी परत पहारेकऱ्याच्या गळ्यात जाते.

आपल्या देशाची वेळ राखतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली सिझियमची अणुघड्याळं. सिझियमच्या अणूची ९,१९२,६३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या जगानं १९६७ मध्ये स्वीकारली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेनं देशातल्या संस्थांना आपापली घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवायला सांगितलं. आमच्या अभ्यासिकेतला धुळीनं माखलेला कॉम्प्युटर आता दिल्लीच्या अणूंकडे पाहून चालतो.

खैराटचे हिरवे लॅपटॉप

घड्याळ आणि मशीन सुरू होणं यांचं नातं किती घट्ट असू शकतं, याचं उदाहरण ठरलेली यंत्रं आपल्या महाराष्ट्रातही आली होती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. "एका मुलाला एक लॅपटॉप" या जागतिक उपक्रमाचा भारतातला तो पहिला प्रयोग. ही एक्सओ यंत्रं लिनक्सवर चालत आणि मुलं ती घरी नेत.

ती चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांत मुदतीची सोय होती. मुदत तारखेवर ठरते, म्हणून कुणी घड्याळ मागे फिरवू नये अशी तजवीजही होती. त्यातून एक अडचण उभी राहिली. जगात जिथे जिथे या यंत्रांतला घड्याळाचा सेल संपला किंवा निसटला तिथे यंत्र सुरू होताना "तारीख अवैध" असं सांगून स्वतःच बंद पडायचं. पडदा धड, कळफलक धड, मेंदू धड, पण तारीख माहीत नाही म्हणून दार बंद. ते उघडायला खास कळ आणि खास आदेश लागत. ते ज्याला येत त्या शिक्षकाच्या शाळेत यंत्र जगायचं. चोरापासून वाचवायला घातलेलं कुलूप मुलाच्याच वाटेत आलं. कुलूप घालणाऱ्यानं किल्ली वापरणाऱ्याच्या गावातच ठेवावी, हा धडा मी त्यातून घेतला.

पाच सेकंदांचं दार

आमच्या मशीनचं एक काम बाकी होतं. सुरू होताना ग्रब नावाचा प्रोग्राम विचारतो, लिनक्स की विंडोज? दहा सेकंद थांबतो आणि उत्तर आलं नाही तर यादीतल्या ठरलेल्या क्रमांकाकडे घेऊन जातो. उठता उठता मध्येच वीज गेली असेल तर उबुंटूचा ग्रब ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी ३० सेकंद वाट पाहतो, म्हणजे माणसाला दुरुस्तीचा मार्ग निवडता यावा.

हे सारं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. ईटीसी या कप्प्यात डिफॉल्ट, त्यात ग्रब. नववीतल्या मुलीनं ती उघडली. आधी तिची नक्कल करून ठेवली, हा नियम आम्ही घालून दिला आहे. थांबायची वेळ १० ची ५ केली. यादीतले क्रमांक शून्यापासून मोजतात हे तिला माहीत होतं, म्हणून लिनक्ससाठी ० ठेवला. फाइल जतन करून अपडेट-ग्रब हा आदेश दिला. तो दिला नाही तर बदल कागदावरच राहतो. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पाच, चार, तीन, दोन, एक. मग डेस्कटॉप उघडला, आणि कोपऱ्यात वार, महिना, तारीख मराठीत, कारण स्थानिक भाषाही तिनंच मराठी लावली होती.

मग तिनं वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं : "सेल बदलला. पुढची तपासणी तीन वर्षांनी. घड्याळात यूटीसी आहे, बदलू नये." खाली तारीख घालायला ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली, थांबली, आणि पडद्यावरची तारीख पाहून लिहिली. ती चिठ्ठी आम्ही पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आणि स्क्रू पिळले.

त्या रात्री वीज गेली होती. सकाळी मी पोचलो तेव्हा अभ्यासिकेचं दार उघडं होतं, मशीन चालू होतं, आणि कुणीही मला काही सांगायला आलं नाही. सगळी मुलं अभ्यासात होती.